पालथ्या मडक्यात तेल

रोह्याच्या बाजारात मी वांगी निवडत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, हिला माझ्या हातातलं वांगं हवंय, म्हणून मी ते घट्ट धरलं. तर ती म्हणाली, "तुम्ही त्याच ना हो? त्या सुका जवळा परतताना भांडणाऱ्या?"

आता खरं सांगते, त्या दिवशी मी वांगी घेतलीच नाहीत. भाजीवाल्याने पिशवी उघडून धरली होती, पण मी त्या बाईबरोबर फोटो काढला आणि तरंगत घरी आले. नवऱ्याला म्हटलं, "यापुढे मला बाजारात पाठवताना जरा विचार करत जा हो. लोक ओळखतात मला." तो म्हणाला, "वांगी कुठायत?"

माझं सासर रोह्याला आणि माहेर पेणजवळ, खाडीच्या बाजूच्या एका गावात. लग्नानंतर दोनचार वर्षांनी मी मोबाइलवर रील टाकायला लागले. त्यात मी स्वयंपाक करते आणि भांडते. कांदा महागला म्हणून भांडते, गॅसचा लायटर पेटत नाही म्हणून भांडते, कोणी सुकटीला नाक मुरडलं की त्याच्या तर सात पिढ्या काढते. लोकांना माझा स्वयंपाक आवडतो की भांडण, हे मला अजून कळलेलं नाही. बोलते मात्र माहेरच्या बोलीत. सासरी मी 'नाही' म्हणते, कॅमेरासमोर 'नाय' म्हणते. शाळेत याच 'नाय'बद्दल बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. आता त्याच 'नाय'ला लोक बदाम पाठवतात.

मागच्या थंडीपर्यंत हा सगळा हौसेचा मामला होता. कधी कोणी मसाल्याचा डबा पाठवायचं, कधी नॉनस्टिक तवा. घरात तवे झाले चार आणि भाकरी मी करते लोखंडी तव्यावरच. मग नवऱ्याला ब्रेक मिळाला. कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्यांच्या घरी हा शब्द लहान पोरांनाही कळतो. पूर्वी थोडे दिवस घरी बसून माणूस परत कामावर जायचा. या वेळी सुपरवायझर फोनच उचलेना. नवरा आधी माळा आवरून बसला, मग सायकल दुरुस्त केली, मग माझे मसाल्याचे डबे उंचीनुसार लावून टाकले. हळद सापडेना तेव्हा माझा पारा चढला आणि मला कळलं, की आता आपल्या मोबाइलने पोटाचं बघायला हवं.

या धंद्यात पैसे मिळवायच्या वाटा बाहेरून एकच दिसतात. आत शिरल्यावर फाटे फुटतात. माझ्यासमोर तीन होते. पहिला फाटा नवी मुंबईतल्या ऑफिसात जायचा. तिथे पगारी नोकरी, दिवसभर बसून दुसऱ्यांचे व्हिडिओ कापायचे आणि जोडायचे. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. नवरा म्हणाला, "जा तू, मी घरचा स्वयंपाक बघतो." त्याच्या हातची डाळ आठवली आणि तो विषय मी तिथेच मिटवला.

दुसरा फाटा म्हणजे दुकानदारांची मोबाइलवरची पानं सांभाळायची. साडीचं दुकान, दवाखाना, पेणजवळच्या जोह्यातला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांचे व्हिडिओ आपण काढायचे, त्यांच्या नावाने टाकायचे, लोकांना उत्तरं द्यायची. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा. पण त्यात आपलं तोंड कुठेच दिसणार नाही.

तिसरा फाटा माझ्या मनातला. आपलं पान, आपलं तोंड, आणि त्यात कंपनीची वस्तू दाखवायची. एका खाद्यतेलाच्या कंपनीला माझी भांडणं आवडली होती. मधल्या एजन्सीतून एका मुलीचा फोन आला. वर्षाचा करार. अट एवढीच, की वर्षभर दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही आणि जाहिरातीत ते लिहून देतील ते बोलायचं. आधी एक व्हिडिओ नमुन्याचा. तो पसंत पडला की लगेच सही.

मला हेच हवं होतं. कशाला लपवू? मला बाजारात ओळखलं जायचं होतं. वर घरात वर्षभराची निश्चिंती. नवऱ्यालाही हवं होतं, पण तो बोलत नव्हता. फक्त दिवसातून दोनदा सहज विचारल्यासारखं विचारायचा, "तिचा फोन आला का गं?" आणि आईला तर सगळ्यात जास्त हवं होतं, कारण सही व्हायच्या आधीच तिने अख्ख्या आळीला सांगून टाकलं होतं, की आमची बाय आता टीव्हीत येणार. मी सांगितलं, "आये, टीव्हीत नाय गो, मोबाइलमध्ये." ती म्हणाली, "तेच ते."

थंडीचे दिवस, म्हणून एजन्सीच्या मुलीने ठरवलं, पहिला व्हिडिओ पोपटीचा. आमच्या बाजूला थंडीत वालाच्या शेंगा आल्या, की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी. वरून पुन्हा पाला गच्च कोंबायचा आणि रात्री शेतात त्याच्याभोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. त्या पाल्याचा वास शेंगांना लागतो आणि मग माणूस नातीगोती विसरून खातो.

मुलीने मजकूर पाठवला. मी वाचला आणि फोन लावला. "अहो, यात तेलाची धार सोडायची असं लिहिलंय."

"हो ताई, हळूच सोडायची. उन्हात छान चमकेल."

"पोपटीत तेल नसतं."

"थोडंसं?"

"थोडंसंही नसतं."

ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग ताई, तेलाची कंपनी पैसे कशाचे देईल?"

मी फोन ठेवला. राग कोणावर तरी काढायलाच हवा. मी नवऱ्यावर ओरडले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन मडकी लावू. एक त्यांच्यासाठी तेलाचं, एक आपल्याला खायला." इतकी साधी युक्ती! मी त्याच्या डोक्याचं जाहीर कौतुक केलं, जे मी सहसा करत नाही. माहेरी काकांना फोन केला. काका म्हणजे गावात पोपटी लावणारा पहिल्या नंबरचा माणूस. ते आधी गरजले, "मडक्यात तेल? जल्लं तुजं लक्षण, मडकं हाय का कढई?" मग नवऱ्याच्या ब्रेकचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, ये. लावू."

ठरल्या दिवशी आम्ही बाइकवरून माहेरी पोचलो तेव्हा शेतात अर्धी आळी जमली होती. काकू, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, शेजारच्या दोन म्हाताऱ्या. आईने लग्नातली साडी नेसली होती. एजन्सीची मुलगी आणि कॅमेरावाला मुंबईहून आले. मुलगी चांगली होती हो. पांढरे बूट घालून शेतात आली होती, पण तोंड वाकडं केलं नाही. सगळ्यांना नमस्कार केला, म्हाताऱ्यांच्या पाया पडली. काकांचा एकच आक्षेप होता, उजेडात लावलेली पोपटी ही पोपटीच नव्हे. पण कॅमेराला उजेड लागतो, त्याला काका काय करणार.

दोन मडकी शेजारी भरली. खाण्याचं काकूने भरलं. तेलाचं मी भरलं, कॅमेरासमोर. पाला, शेंगा, मीठ, ओवा, आणि मग पिशवीतून तेलाची धार. ती धार काही एका वेळेत झाली नाही. एकदा ऊन गेलं, एकदा माझी सावली पडली, एकदा मागे बैल ओरडला. दर वेळी मी नव्याने तेल ओतत होते. शेवटी मुलगी म्हणाली, "परफेक्ट!" काकांनी पाला कोंबला, सवयीने दोन्ही मडकी एकामागून एक उचलली, दगडांवर ठेवली, भोवती काटक्या, गोवऱ्या आणि पेंढा रचला आणि काडी लावली.

आता आमच्याकडचा कुठलाही माणूस सांगेल, पोपटीचं मडकं पालथं ठेवतात. तोंड खाली, बूड वर. मी दुधाच्या दातांपासून पोपटी खातेय. काकांचा तर त्यात जन्म गेला. तिथे जमलेल्या एकाही माणसाला सुचलं नाही, की पालथ्या मडक्यातलं तेल जाणार कुठे.

ते खाली गेलं. पाल्यातून झिरपून सरळ जाळात. आधी चर्रर्र असा आवाज आला, मग काळा धूर, आणि मग असा भडका उठला की काकू मागे सरकताना एका म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसली. चुलत भाऊ बादली घेऊन धावला. काका त्याच्यावर ओरडले, "पानी नको मारू, मडकं फुटंल!" तेवढ्यात ते फटकन फुटलंच. जाळ ओसरल्यावर काका काठी टेकून त्या काळ्या ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पालथ्या घड्यावर पानी ऐकलं व्हतं. पालथ्या मडक्यात तेल आज बघितलं."

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "काका, तुमाला कसं नाय सुचलं?" ते म्हणाले, "मना वाटलं, तू इचार केला असशील, तू मोबाइलवाली." मी नवऱ्याकडे बघितलं. युक्ती त्याची होती. तो फार लक्ष देऊन बाइकची चेन तपासत होता.

मला वाटलं, आता ही पोरगी चिडणार. पण ती तर नाचायचीच बाकी होती. "ताई, काय शॉट आलाय! एवढी आग! कंपनी वेडी होईल." खाण्याचं मडकं नीट होतं. त्यावर पाण्याचा शिपका मारला तसं ते चर्र बोललं, म्हणजे शिजलं. काकांनी ते केळीच्या पानावर उपडं केलं. मुलीने ब्रशने शेंगांना वरून तेल लावलं, चमकण्यापुरतं. आता फक्त एक वाक्य उरलं होतं. मी शेंग सोलायची, दाणे तोंडात टाकायचे, आणि कॅमेराकडे बघून म्हणायचं, "माझ्या माहेरी पोपटी अशीच करतात, याच तेलात."

एवढंच. मग सही. मग वर्षभराची काळजी मिटली.

पहिल्यांदा मी 'माझ्या माहेरी' म्हटलं आणि ठसका लागला. पाणी प्यायले. दुसऱ्यांदा 'पोपटी' पर्यंत गेले आणि समोर कॅमेराच्या मागे काका दिसले. काठी हातात, लहान पोरासारखे उत्सुक. त्यांच्या बाजूला काकू. मला हसू आलं. मुलगी म्हणाली, "काही नाही ताई, आरामात." तिसऱ्यांदा तर तोंडातून शब्दच फुटेना. मी, जी सुकटीवरून अनोळखी माणसाशी तासभर भांडू शकते, ती गप्प.

आईने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. ती पुढे आली आणि सगळ्यांना म्हणाली, "ए, तिकडं तोंड करा रं सगळी. पोरीला बोलायला लाज वाटते." 

आणि सगळे वळले. एकानेही काही विचारलं नाही. काका वळले, काकू वळली, भाऊ, वहिन्या, त्या दोन म्हाताऱ्यासुद्धा एकमेकींना धरून वळल्या. शेतात माझ्यासमोर ओळीने नुसत्या पाठी. नवऱ्याच्या हातात उजेडासाठी थर्माकोलची मोठी पाटी होती, त्याला वळता येईना, म्हणून त्याने डोळे गच्च मिटून घेतले. आई सगळ्यांत पुढे पाठ करून उभी राहिली, आणि एवढं पुरे नाही असं वाटलं की काय, तिने दोन्ही कानांत बोटं घातली. तशीच मोठ्याने म्हणाली, "बोल गो आता. मी नाय ऐकत."

ही माणसं मला खोटं बोलू नको असं सांगत नव्हती. उलट, माझं खोटं सोपं व्हावं म्हणून तोंड फिरवून उभी होती. माझ्या घरात पैसा यावा म्हणून. हजारो अनोळखी लोकांना मी ते वाक्य हसत हसत ऐकवलं असतं, अगदी शपथेवर सांगते. पण आईच्या कानातल्या त्या बोटांसमोर ते मला बोलता येईना.

मी शेंग सोलली. कॅमेराकडे बघून म्हटलं, "माझ्या माहेरी पोपटीत तेल नाय घालत. पाणी पन नाय. तेल घालाल तर मडकं फुटंल, आमचं आत्ताच फुटलंय." आणि दाणे तोंडात टाकले. 

कॅमेरावाला हसला. मुलीने त्याच्याकडे डोळे वटारले आणि मग मला हळूच म्हणाली, "ताई, हे नाही चालणार त्यांना."

"माहितीये."

"पुन्हा घ्यायचं?"

"नको."

आई अजून तशीच उभी होती. थोड्या वेळाने मान न वळवता ओरडली, "झालं का बोलून?"

"झालं आये."

तिने बोटं काढली, वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चांगलं बोललीस हो."

मग आम्ही जेवलो. एजन्सीच्या मुलीने पांढरे बूट काढून बाजूला ठेवले आणि मांडी घालून बसली. कोंबडी तिनेच सगळ्यात जास्त खाल्ली. जाताना तिने मला मिठी मारली, म्हणाली, कंपनीला विचारून बघते. दोघींनाही ठाऊक होतं काय उत्तर येणार ते. तसंच आलं.

परतताना वडखळपर्यंत हायवेच्या खड्ड्यांनीच काय ते बोलून घेतलं. मग मीच विचारलं, "तुम्हाला राग आलाय ना?"

"आलाय," नवरा म्हणाला. "मला वाटलं होतं तू बोलशील."

"किती आलाय?"

त्याने जरा हिशोब केला. "नागोठण्यापर्यंत राहील."

मला रडू आलं, हेल्मेटच्या आत. हेल्मेटची काच वर करून त्याच्या शर्टाला नाक पुसलं. नागोठणं आलं तशी त्याने गाडी टपरीपाशी उभी केली आणि विचारलं, "चहा घ्यायचा?"

मग मी दुसऱ्या वाटेला लागले. पेणचं एक साडीचं दुकान, जोह्याचा एक गणपतीचा कारखाना, रोह्यातले एक दातांचे डॉक्टर. साडीवाल्याला प्रत्येक पदरामागे सिनेमातलं गाणं हवं असतं, त्यावरून आमची आठवड्याला एक लढाई ठरलेली. डॉक्टर कॅमेरासमोर आले की पुस्तकासारखं बोलायचे. त्यांना म्हटलं, "डॉक्टर, दाढ ठणकते तेव्हा माणूस काय करतो ते सांगा, दाढेला काय म्हणतात ते सोडा." आता बरे बोलतात. नवऱ्याला होळीनंतर कामावर परत घेतलं, तरी मी हे सोडलं नाही. माझी मी झाले, कोणाच्या लिहून दिलेल्या वाक्याला बांधलेली नाही.

माझ्या स्वतःच्या पानाकडे मात्र वेळ जात नाही. बाजारात आता कोणी टक लावून बघत नाही. वांगी वेळेवर घरी येतात. वाईट वाटतं का? वाटतं. कधी कधी फारच वाटतं. दिवसभर राबून दुसऱ्याचं दुकान नटवायचं आणि आपण कुठेच नाही, हे पचायला जड जातं. मुंबईच्या एखाद्या मुलीला त्या तेलाच्या जाहिरातीत बघितलं, की त्या रात्री भाजीत मीठ जास्त पडतं.

परवा दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज जरा काळजीचा. "अहो ताई, आपल्या पानावर कोणी एक बाई आहे. रोज काहीबाही लिहिते. काल रूट कॅनलच्या व्हिडिओखाली लिहिलंय, 'छान केलंस गो बाय, जेवलीस का?' पेशंट मला विचारतात, ही कोण? ब्लॉक करू का तिला?"

मी उघडून बघितलं. आई होती. मग साडीच्या दुकानाचं पान उघडलं, तिथेही आई. कारखान्याचं उघडलं, तिथेही. पानांची नावं मी तिला एकदाच सांगितली होती, आणि ती मी काढलेल्या एकूण एक व्हिडिओखाली. साडीवाल्याच्या पैठणीखाली लिहिलं होतं, 'कोपऱ्यात हात दिसला. बांगडी ओळखली. बारीक झालीस.' गणपतीच्या व्हिडिओखाली, 'मागं हसलीस ते ऐकू आलं. परत लावून ऐकलं.' एका व्हिडिओत मी कुठेच नव्हते, ना हात ना आवाज. त्याखाली लिहिलं होतं, 'आज नाय दिसलीस. बरी हायस ना?'

मी डॉक्टरांना म्हटलं, "ब्लॉक नका करू हो. चांगली बाई आहे."

मग डोळे पुसले, आणि दातांच्या दवाखान्याच्या नावाने, रूट कॅनलच्या खाली, उत्तर लिहिलं, 'व्हय आये, जेवले.'